टाय रॉड आणि सायलेन्सरचा पाइप: घरी उभ्या केलेल्या एका जुन्या ट्रकचं प्रकरण

निपाणी–संकेश्वर पट्ट्यातल्या एका गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक जुना बोनेटवाला ट्रक पुन्हा चालता करण्यात आला. सगळ्या कामाची हकिकत इथं नाही. फक्त स्टिअरिंग आणि एक्झॉस्ट हे दोन भाग कसे बसले, कुठं एकमेकांना आडवे आले आणि त्यावर काय ठरवलं, एवढंच आहे. मालकाच्या संमतीने लिहितो आहे. गाव, माणसांची नावं आणि गाडीचं नेमकं मॉडेल गाळलं आहे. माझं काम मापं घेणं आणि वहीत टिपणं एवढंच होतं.

पार्श्वभूमी

मालकाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हा ट्रक घेतला तो तंबाखूचे बोद आणि गुळाच्या ढेपा वाहायला. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली जर्मन कंपनी डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ला संपला. ही गाडी त्यानंतरची, बोनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेल्यावरची. तोंडवळा मात्र जुन्याच घडणीचा. आबा थकल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली. मधल्या काळात तिचं इंजिनही बदललेलं होतं. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं, त्यामुळे एक्झॉस्टचं तोंड मूळ जागेवर नव्हतं. पुढचा बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो.

काम करणारे तिघं. मालक स्वतः, वय पन्नाशीच्या पुढचं, शेती आणि एक छोटं दुकान. मेस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात. उभा जन्म हायवेच्या कडेच्या गॅरेजात गेलेला. आणि मालकाचा पुतण्या, मेकॅनिकल डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला कामाला. वेल्डिंगला चिकोडीकडचा एक कन्नडभाषक कारागीर यायचा. मराठी तो मोडकं बोलायचा, पण तुटलेला स्टड काढण्यात त्याच्यासारखा हात मी पाहिलेला नाही.

गाडीच्या कागदांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण अनेकांचा तिथं गैरसमज होतो. पन्नास वर्षं झाली की कुठलीही गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते असं लोक धरून चालतात. २०२१च्या नियमांत त्यासाठी दुचाकी आणि प्रवासी चारचाकी एवढ्याच येतात. मालवाहू ट्रक येत नाही. म्हणजे रस्त्यावर आणायचा तर फिटनेसचं सर्टिफिकेट साध्या ट्रकसारखंच मिळवावं लागणार. मालकाने ठरवलं की आधी गाडी स्वतःच्या रानात नीट चालू दे, पासिंगचं नंतर बघू. पण काम पासिंगच्या मापानंच करायचं, हेही त्याच वेळी ठरलं. या एका निर्णयाने पुढचे बरेच वाद लवकर मिटले.

मुदत

दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला आबांची गाडी चालू करून पूजा करायची, अशी मालकाची इच्छा. शिवाय दसरा झाला की गळीत हंगाम. मग तालुक्यातला प्रत्येक वेल्डर आणि प्रत्येक लेथवाला उसाच्या ट्रॉल्यांना वाहिलेला असतो. बाकी कुणाच्या कामाला मार्चपर्यंत हात लागत नाही. घाई होती ती या दोन्ही कारणांनी, आणि दुसरं कारण पहिल्यापेक्षा खरं होतं.

मग प्रश्न आला, आधी काय बसवायचं? पुतण्याचं म्हणणं होतं की आधी पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग पुरं करू, गाडी चाकांवर उतरवू, मग पाइप. मामांचं म्हणणं वेगळं. "वेल्डर आता मोकळा हाय. त्याला आधी धर. स्टिअरिंग काय, आपल्याच हातातलं काम." मालकाने मामांचं ऐकलं. खंडेनवमीला इंजिन वाजलं पाहिजे, आणि गावात विनासायलेन्सर सहा सिलिंडर वाजवायची त्याची तयारी नव्हती.

हा पहिला वळणाचा निर्णय. कारण चुकीचं नव्हतं. पण तेव्हा गाडी चेसीखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावून उभी होती आणि पुढचा अ‍ॅक्सल स्प्रिंगांना लोंबत होता, ही गोष्ट कुणी मोजली नाही.

स्टिअरिंगचे भाग

वेल्डर पाइपाच्या कामाला लागलेला असताना पुतण्या आणि मामा पुढच्या अ‍ॅक्सलवर होते. किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळ्याभोवती वळतं तो, बघताना मामांनी एक जुनी युक्ती दाखवली. चाक वर उचलून, वरखाली पहार देऊन हलवलं की खेळ दिसतो, पण तो किंग पिनचा की चाकाच्या बेअरिंगचा, ते कळत नाही. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ड्रम जखडला की बेअरिंगचा खेळ हिशेबातून जातो आणि उरतो तो किंग पिनचा. इथं तो भरपूर उरला. बुश नवीन ठोकून दोन्ही एका रेषेत रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) काढले. वजन घेणारं थ्रस्ट बेअरिंग बसवताना त्याची झाकलेली बाजू वर ठेवली, म्हणजे चिखल आत उतरत नाही. ग्रीस मारतानाही चाक उचलूनच मारलं. गाडीचं वजन अंगावर असताना त्या बेअरिंगच्या दोन पट्ट्यांमध्ये ग्रीस शिरतच नाही.

टाय रॉड म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडणारी दांडी. ती ज्यात अडकते त्या डाव्या आर्मवर रंगाखाली एक जुनी वेल्डिंगची धार लागली. कधी तरी रस्त्यात तुटलेला आर्म कुणी तरी जोडून दिला असणार. मामा म्हणाले, एवढी वर्षं टिकला, आणखी टिकेल. पुतण्याने तो काढून उद्यमबागेत नेला. बेळगावात फौंड्र्यांची दाटी असल्याने डाय पेनिट्रंटची चाचणी ही तिथं रोजची गोष्ट आहे: भाग स्वच्छ करायचा, लाल रंग मुरू द्यायचा, पुसायचा आणि पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर लाल रेघ वर येते. वेल्डिंगच्या कडेने रेघ आली. आर्म बाद.

नंतर यावर कुणी वाद घातला नाही, पण त्या चाचणीआधीच आर्म बाद ठरवायला हवा होता असं माझं मत आहे. स्टिअरिंगचे आर्म घडीव पोलादाचे असतात आणि घडल्यावर त्यांना उष्णतेची ठरावीक प्रक्रिया दिलेली असते. जोडाच्या आजूबाजूला वेल्डिंगची धग ती प्रक्रिया पुसून टाकते. भेग दिसली नसती तरी तो भाग विश्वासाचा नव्हता.

बॉल जॉइंटचा नट

बदली आर्म जुन्या पार्टच्या बाजारातून आला, टाय रॉडचे बॉल जॉइंट (टोकांचे फिरते सांधे) निपाणीच्या दुकानातून नवे. आर्म तपासून घेतलेला, जॉइंट डब्यातले कोरे. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष. एकमेकांत बसवल्यावर मात्र जॉइंटचा निमुळता दांडा आर्मच्या भोकात जरा जास्तच आत गेला. वर किल्ल्याच्या आकाराचा नट पूर्ण आवळला तरी, नट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांच्या वर राहत होतं.

मामांनी खिशातून वॉशर काढला. "एक घाल की रं. पिन बसली म्हणजे झालं."

"मामा, पिन बसेल हो. पण दांडा बसलाय का, ते आधी बघूया," पुतण्या म्हणाला.

दांड्याला निळा मार्किंगचा रंग पातळ लावून तो भोकात दाबला आणि काढला. रंग पुसला गेला होता तो फक्त वरच्या कडेला, एका बारीक कड्यापुरता. खालचा सगळा दांडा अधांतरी. म्हणजे दोघांचा उतार वेगळा होता. असा जॉइंट नटाच्या जोरावर घट्ट वाटतो. पण निमुळत्या जोडात सगळा भार उताराच्या पृष्ठभागाने घ्यायचा असतो. नटाचं काम दांड्याला भोकात ओढून धरण्यापुरतं. पृष्ठभाग टेकला नाही की दर खड्ड्याला दांडा भोकात कणभर डुलतो, भोक अंडाकृती होतं आणि शेवटी दांडा मानेत तुटतो. वॉशरने पिनचं भोक झाकलं असतं आणि त्याबरोबर हे सगळंही.

तीन वाटा होत्या. लेथवर पातळ बुश काढून भोकात घालायची. जाडी इतकी कमी झाली असती की पुतण्याने ती वाट स्वतःच सोडली, आणि त्याचं रोजचं कामच लेथचं. दुसरी, आर्मचं भोक नव्या दांड्याच्या उताराने रीम करायचं. हे शक्य होतं, पण त्या उताराचा रीमर हाताशी नव्हता आणि एकदा कापलेला धातू परत येत नाही. तिसरी, आर्मच्या घडणीला जुळणारा जॉइंट शोधायचा. यात वेळ जाणार होता. पण खंडेनवमीला गाडी हलवायची नव्हती, नुसती वाजवायची होती, म्हणून वेळ होता. तिसरी वाट धरली. बदली आर्म पिशवीत घालून दुकानं फिरावी लागली. शेवटी कोल्हापुरात जॉइंट मिळाला. तिथं गल्ल्यावरच रंग लावून बघितला तेव्हा रंग दांडाभर पुसला गेला.

पासिंगच्या मापाने काम करायचं ठरलं होतं, त्याचा इथं उपयोग झाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८वा नियम स्टिअरिंगबद्दल आहे: स्टिअरिंग व्हीलवरचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि जोडाचे बोल्ट-पिना नीट अडकवलेल्या हव्यात. "नियमात पिन लिहिली आहे, वॉशर नाही," एवढं मालक म्हणाला आणि मामा हसले.

ड्रॉप आर्म, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सवर बसणारा आणि ड्रॅग लिंक नावाच्या दांडीने चाकांना वळवणारा आर्म. त्याच्या बाबतीत एक छोटा पण महत्त्वाचा प्रसंग घडला. सगळं जोडल्यावर चाकं सरळ असताना स्टिअरिंग व्हीलची आडवी दांडी तिरकी दिसत होती. मालकाला स्टिअरिंग व्हील काढून सरळ करून लावायचं होतं. दहा मिनिटांचं काम. पुतण्याने ड्रॅग लिंक सोडवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजले. निम्म्यावर आणल्यावर कळलं की ड्रॉप आर्म एका दात्याने पुढे बसला आहे. स्टिअरिंग बॉक्स आतून असा केलेला असतो की बरोबर मध्यावर त्याचा खेळ सगळ्यात कमी असतो, आणि दोन्ही टोकांकडे थोडा वाढतो. व्हील फिरवून दांडी सरळ दिसली असती, पण गाडी सरळ जाताना बॉक्स मध्यावर नसता. मग तो खेळ घालवायला कुणी तरी वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळला असता, आणि वळणावरून परत येताना स्टिअरिंग मध्यावर अडकलं असतं. ड्रॉप आर्म काढून खुणेवर लावला. पुलर लागला, घाम निघाला.

एक्झॉस्ट

मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा, इंजिनाच्या हेडला बसणारा भाग. त्याचे दोन स्टड (आट्यांचे खिळे) हेडमध्ये तुटलेले. वर्षानुवर्षं पावसाळ्याची दमट हवा आणि त्याआधीची धग, दोन्ही त्यांनी खाल्लेली. वेल्डरने तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड भरला, लाल असतानाच तेल सोडलं, थंड होऊ दिला आणि मग पान्याने मागे-पुढे हलवत काढला. दोन्ही आले. नव्या स्टडवर पितळी नट घातले, ते गंजून चिकटत नाहीत. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवली तर मधून उजेड दिसला, म्हणून ते उद्यमबागेत घासून आणलं. गॅस्केट घालून मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला आवळत गेले. तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा.

पाइपाच्या वेळी मालकाने गोठ्यामागचा पाणीपाइप पुढे केला. जीआयचा, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला, जाड, फुकट. वेल्डरने मान हलवली. जस्ताचा लेप वेल्डिंगच्या धगीने उडतो आणि त्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो, हे त्याने अनुभवाने सांगितलं. काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप आणला, आतून सुमारे ७५ मिलिमीटर.

या इंजिनाचं एक्झॉस्ट डावीकडे, पुढच्या अंगाला उतरत होतं. धूर बाहेर काढायचा तो उजव्या बाजूला किंवा मागे. ११२व्या नियमानुसार डावीकडे किंवा खाली सोडता येत नाही, आणि डावीकडे माणसं चढतात-उतरतात हे उघडच आहे. मग पाइप कुठं तरी डावीकडून उजवीकडे न्यावा लागणार. वेल्डरने सगळ्यात जवळची वाट पाहिली: अ‍ॅक्सलच्या लगेच मागे, सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) खोल भागाच्या पुढे, आडवा. तिथं चांगली वीतभर जागा दिसत होती. पाइप शिवला, लालसर प्रायमर मारला, खंडेनवमीला इंजिन वाजलं. हार, लिंबू, नारळ झाला. आवाज गोड होता, यात वाद नाही.

अडचण कशी दिसली

दसऱ्यानंतर स्टिअरिंग पुरं झालं, गाडी घोड्यांवरून उतरवली आणि शेडमधून अंगणात घेतली. अंगण आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याची चर आहे. डावं चाक चरीत उतरताना खालून ठाण्ण असा आवाज आला. मामांना वाटलं स्प्रिंगचं पान असेल. पुतण्या खाली झोपला तेव्हा त्याला टाय रॉडच्या नव्या काळ्या रंगावर लालसर ओरखडा दिसला, आणि वर पाइपाच्या पोटाला त्याच रेषेत प्रायमर उडालेला.

मापं घेतली. गाडी घोड्यांवर असताना टाय रॉड आणि पाइप यांच्यामध्ये १३० मिलिमीटर होते. जमिनीवर, रिकाम्या गाडीचं वजन स्प्रिंगांवर आल्यावर, उरले ५५. आणि अ‍ॅक्सल बंप स्टॉपच्या, म्हणजे त्याची वरची चाल अडवणाऱ्या रबराला टेकायला अजून ७० वर येऊ शकत होता. म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबायच्या १५ मिलिमीटर आधीच टाय रॉड पाइपावर आदळणार. रबर दबतं ते वेगळं. एकच चाक खड्ड्यात गेलं की रॉड तिरका होतो, तेही वेगळं.

यातली भीती आवाजाची नव्हती. टाय रॉड दोन्ही पुढच्या चाकांना एकमेकांशी बांधतो. तो मधोमध वरून दणके खात राहिला तर वाकतो. वाकला की आखूड होतो आणि चाकांची तोंडं बदलतात. भरल्या गाडीने ब्रेक लावताना ते झालं तर ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही.

पर्याय

अंगणात चहा झाला आणि प्रत्येकाने आपापला उपाय मांडला. कुठलाच अगदी टाकाऊ नव्हता.

मामांना टाय रॉडला मधून खाली बाक द्यायचा होता. काही गाड्यांचे टाय रॉड कारखान्यातूनच बाकदार येतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ते त्या आकारासाठीच जाड आणि तशा पोलादाचे केलेले असतात. सरळ रॉड भट्टीवर तापवून वाकवला तर दाब आल्यावर तो धनुष्यासारखा लवतो. पुतण्याने इथं पहिल्यांदा आवाज चढवला, आणि मालकानेही सांगितलं, "मामा, तुमचं सगळं ऐकतो, पण स्टिअरिंगला आग लावायची नाही."

मग मामांनीच दुसरं सुचवलं: बंप स्टॉपखाली जाड ठोकळा. अ‍ॅक्सल वरच येणार नाही. स्वस्त आणि एका तासात होणारं. पण मग प्रत्येक मोठ्या खड्ड्याला स्प्रिंगऐवजी चेसी दणका खाणार. निपाणीपासून आतल्या गावांचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

इंजिनाचे माउंटिंग रबर दबलेले होते, ते नवे घातले की इंजिन आणि पाइप वर येतील, अशी मालकाची आशा होती. रबर बदलायचेच होते, म्हणून बदलून मोजलं. मिळाले ८ मिलिमीटर.

वेल्डरचा उपाय मला सगळ्यात विचार करण्यासारखा वाटला. आडवा पाइप तेवढ्या भागात चेपायचा. वरची रेघ तीच ठेवून ७५चा ४५ केला तर खाली ३० मिलिमीटर मिळतात. पाइपाचा घेर तोच राहत असल्याने आतली जागा वाटते तितकी कमी होत नाही. हिशेब केला तर साधारण सहावा भाग जातो. इंजिनाला ते चाललं असतं. पण ५५ अधिक ८ अधिक ३० म्हणजे ९३. बंप स्टॉपचे ७० वजा केले की उरतात २३, आणि त्यातून रबराचा दाब, रॉडचा तिरकेपणा, डिझेल इंजिन बंद करतानाचा हिसका एवढं सगळं भागवायचं. कागदावर बसत होतं. पुतण्याला ते नको होतं, मालक मात्र तयार झाला होता.

पाचवी वाट म्हणजे केलेला पाइप कापून टाकायचा आणि डाव्या बाजूनेच मागे नेऊन गिअरबॉक्सच्या मागे उजवीकडे वळवायचा. नवा पाइप, दोन जास्तीचे बेंड, जास्त हँगर, आणि हंगामात वेल्डरची वाट बघणं.

निर्णय झाला तो वेल्डरच्याच एका प्रश्नाने. त्याने विचारलं, पुढं कधी सम्प काढायचा झाला तर? अ‍ॅक्सलमागचा तो पाइप, चेपलेला असो वा गोल, प्रत्येक वेळी आधी उतरवावा लागला असता. मालक गप्प झाला आणि म्हणाला, "काप."

प्रत्यक्ष काम

वेल्डर अधूनमधून संध्याकाळी यायचा, ट्रॉल्यांचं काम आटपून. नव्या मार्गाचे टाके गाडी चाकांवर उभी असतानाच घातले. प्रत्येक टाक्यानंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, हा पुतण्याचा हट्ट. त्यात एक भलतीच गोष्ट सापडली: टाय रॉडच्या क्लॅम्पच्या बोल्टचं शेपूट पूर्ण वळणावर अ‍ॅक्सलला चाटत होतं. क्लॅम्प फिरवून बोल्ट मागच्या बाजूला घेतला. पाइपाचं काम निघालं नसतं तर हे कधी दिसलं असतं, सांगता येत नाही.

एकदा वेल्डरने अर्थिंगची चिमटी सवयीने पुढच्या अ‍ॅक्सलला लावली. पुतण्याने ती काढून थेट पाइपावर, जोडाशेजारी लावली आणि बॅटरीची वायर सोडवली. करंट जोडापासून चिमटीपर्यंत मिळेल त्या वाटेने जातो. ती वाट किंग पिन आणि बेअरिंगमधून गेली तर नव्या पृष्ठभागांवर ठिणगीचे बारीक खड्डे पडतात. कोल्हापूर पालथं घालून आणलेले भाग असे जाळण्यात अर्थ नव्हता.

मॅनिफोल्डखाली लवचीक बेलो घातला. इंजिन रबरावर हलतं, चेसी हलत नाही. मधे लवचीक तुकडा नसला तर ताण मॅनिफोल्डवर येतो आणि ते बिडाचं असतं. बेलो वाकण्यासाठी असतो, पिळण्यासाठी नाही, म्हणून दोन्हीकडचे पाइप आधी सरळ रेषेत आणून शेवटी तो बसवला. तापल्यावर पाइप लांब होतो. एक मीटर लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. मॅनिफोल्डपासून सायलेन्सरपर्यंत हे सेंटिमीटरच्या घरात जातं. त्यामुळे मधले हँगर रबराचे ठेवले आणि घट्ट पकड एकाच ठिकाणी दिली.

गिअरबॉक्समागे पाइप प्रोपेलर शाफ्टच्या खालून गेला, वरून जागा नव्हती. उजव्या बाजूला डिझेलची आणि ब्रेकची नळी चेसीला धरून जाते. ११३वा नियम एक्झॉस्ट आणि डिझेलची नळी यांच्यात किमान ३५ मिलिमीटर मागतो. इथं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त अंतर ठेवलं आणि मधे पत्र्याचा आडोसा दिला, पत्रा आणि पाइप यांच्यात हवा खेळती ठेवून. तसाच एक छोटा आडोसा डाव्या बॉल जॉइंटच्या रबरी टोपीलाही, कारण डाऊन पाइप तिच्या जवळून उतरतो.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत ठेवणं. रिमच्या मध्यउंचीवर पुढे आणि मागे माप घेऊन, चाकं अर्धा फेरा फिरवून पुन्हा घेतलं; रिम वाकडी असेल तर फरक असाच कळतो. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असल्याने नुसता रॉड फिरवून चाकं आत-बाहेर होतात. पुढे २ मिलिमीटर आत ठेवलं आणि क्लॅम्प आवळले.

निष्पत्ती

गाडी रानात चालते. मालाच्या हौद्यात मातीची पोती भरून, चरीवरून, बांधावरून नेऊन बघितली. टाय रॉडला ओरखडा नाही. स्टिअरिंगचा मोकळा खेळ १२ ते १५ अंशांच्या दरम्यान आहे. जोड तापल्यावर पुन्हा आवळून झाले. मॅनिफोल्डच्या एका कोपऱ्यात काजळीची बारीक रेघ आली होती, ती दुसऱ्यांदा आवळल्यावर थांबली. उताराच्या जॉइंटचे नटही थोडी गाडी चालल्यावर पिना काढून तपासले, ते जागचे हलले नव्हते. नव्या मार्गाने पाइप खाली उतरला आहे, त्यामुळे बांध ओलांडताना जपावं लागतं. ती किंमत मालकाने समजून मोजली आहे.

गाडी किंचित डावीकडे ओढते. मामा म्हणतात टायर, पुतण्या म्हणतो डाव्या स्प्रिंगचं पान बसलं आहे. दोन्ही पुढची टायर अदलाबदल करून बघायचं ठरलं आहे. ओढ बाजू बदलली तर मामा बरोबर.

पुन्हा करायचं झालं तर

आधी कुठलं काम, यावर तिघांची मतं आजही वेगळी आहेत. मामांच्या मते वेल्डर आधी धरला तो बरोबरच. स्टडचं काम हंगामात झालंच नसतं. मला ते पटतं. पण स्टड काढणं आणि मॅनिफोल्ड बसवणं एवढंच तेव्हा करून खंडेनवमीपुरता एक आखूड पाइप आणि जुना सायलेन्सर जमिनीवर टेकवून लावता आला असता. इंजिन वाजलं असतं, पूजा झाली असती, आणि पाइपाचा कायमचा मार्ग गाडी चाकांवर आल्यावर ठरला असता. एक पाइप आणि त्याची मजुरी वाचली असती.

पाइपाचा मार्ग ठरवायच्या आधी दोन आकडे हवे होते: गाडी स्वतःच्या वजनावर असतानाचं अंतर, आणि बंप स्टॉपपर्यंत उरलेली चाल. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर तिथून पाइप नेताच येत नाही. बरोबरीला आला तरी नेऊ नये. घोड्यांवर असतानाही हे जमतं. घोड्या चेसीखालून काढून अ‍ॅक्सलखाली लावल्या की स्प्रिंगवर वजन येतं. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

माउंटिंग रबर तर पहिल्याच दिवशी बदलायला हवे होते, कारण एक्झॉस्टची प्रत्येक उंची त्यांच्यावर मोजली जाते. आणि जुन्या बाजारातून आर्म आणतानाच सोबत जॉइंटचा दांडा आणि निळ्या रंगाची डबी नेली असती, तर कोल्हापूरची वारी टळली असती. पुतण्याने आता ती डबी गाडीच्या हत्यारांच्या पेटीत कायमची ठेवली आहे. शेजारी मामांचे वॉशरही आहेत. ते सायलेन्सरच्या क्लॅम्पला चालतात.